दवाखान्यात गेलेली पाल्याची गादी

प्रिय ताई आणि आदरणीय दाजी,

दोघांनाही वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याला उतार पडला का? दाजींनी नवी कवळी लावायला सुरुवात केली की ती अजून ग्लासातच असते? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ‘सगळे’ या शब्दात अण्णाही आले, हे मुद्दाम लिहितो, कारण तू पुढच्याच ओळीत त्यांना शोधायला लागशील.

परवा नव्हे, आज रविवारी सकाळीच मी काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे बाकीचं सांगायला धीर येईल. आज सकाळी मी डोक्यावर एक हिरवी गादी घेऊन, अनवाणी, भर रस्त्यातून चालत डॉक्टरीणबाईंच्या बंद दवाखान्याच्या पायऱ्या चढलो आणि दार बडवत सुटलो. बाई दवाखान्याच्या वरच राहतात. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, केसांना टॉवेल गुंडाळलेला, आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, “कोण आजारी आहे?” मी खालून ओरडलो, “कोणीच नाही! तेच सांगायला आलोय!” रस्त्यावरून जाणाऱ्या दोन माणसांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की पेशंट कोण याबद्दल त्यांच्या मनात काही शंका उरली नसावी. मी स्वभावाने आरडाओरडा करणारा नाही, हे तुला माहीत आहे. गावच्या शाळेत गुरुजी मला हजेरीला दोनदा हाक मारायचे, कारण माझा पहिला ‘हजर’ त्यांना ऐकूच जायचा नाही. असा माणूस रस्त्यात ओरडतो, तेव्हा त्यामागे मोठं कारण असतं. ते असं.

ताई, तू उन्हाळ्यापासून लिहिते आहेस की थंडी पडायच्या आत अण्णांना तुझ्याकडे पाठव. तुझं बरोबर आहे, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. अण्णांची सगळी हयात कापूस पिंजण्यात गेली, ती धूळ त्यांच्या छातीत बसली आहे, आणि आपलं घर म्हणजे पुढच्या खोलीत पिंजायचं मशीन, मधल्या खोलीत अण्णांचा पलंग आणि मागे स्वयंपाकघर. खिडक्या उघड्या असल्या की निभतं. थंडीत त्या बंद झाल्या की कापूस जेवणाच्या ताटातसुद्धा येतो. डॉक्टरीणबाई हेच म्हणाल्या, तूही हेच म्हणालीस. मी फक्त एवढंच म्हटलं, की पानगळ एकदा होऊन जाऊ दे. या दिवसांत हवा कोरडी असते, ऊन सोसवतं, दारं-खिडक्या दिवसभर सताड उघड्या असतात. चार दिवस सगळ्यांनी मिळून अंगणात बसू, फिरू, आणि मग पाहू. यावर तू फोनवर म्हणालीस, “तुला अण्णांना सोडवत नाही, म्हणून तू ऋतूंची नावं पुढे करतोस.” आज त्या बोलण्याला उत्तर देणार आहे, आणि ते उत्तर वैद्यकीय आहे.

पानगळीचा आनंद घरादाराने मिळून घ्यायचा, हे ठरवणं सोपं होतं. तो घ्यायचा कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे आनंद कामाच्या अधूनमधून होतो, वेगळा काढून ठेवलेला कधी पाहिला नाही. पहिल्या रविवारी हिने (तुझ्या भावजयीने) जाहीर केलं की जेवण अंगणात झाडाखाली होईल. टेबल बाहेर काढताना ते दारात अडकलं, ते सोडवताना दार बिजागरीतून निघालं, आणि जेवण गार होईपर्यंत मी दार बसवत होतो. मग सूप वाढलं. झाडाने लगेच त्यात पान टाकलं. ते काढलं, तर दुसरं पडलं. तुझी भाची हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात. अण्णा मात्र शांतपणे पान बाजूला सारून सूप पीत राहिले आणि म्हणाले, “मीठ झाडाकडेच मागा, बाकी सगळं तेच वाढतंय.”

दुसऱ्या रविवारी आम्ही तळ्यापर्यंत चालत गेलो. तो रस्ता तुला आठवत असेल, दोन्हीकडे झाडं आणि मधे पिवळ्या पानांचा सडा. ताई, अण्णांना निसर्गाची इतकी आवड असेल याची मला कल्पना नव्हती. चार झाडं झाली की थांबायचे, काठीवर दोन्ही हात ठेवायचे आणि म्हणायचे, “बघ, काय रंग आहे.” आम्ही सगळे थांबून रंग बघायचो. पुढे दोन झाडं झाली की पुन्हा, “हा बघ, हा वेगळा आहे.” परतीच्या वाटेवर तर प्रत्येक झाडाचा रंग वेगळा निघाला. पोहोचेपर्यंत दिवस कलला, पण मी मनात म्हटलं, ज्या माणसाने जन्मभर पांढऱ्याशिवाय रंग पाहिला नाही, त्याला म्हातारपणी एवढं सुख मिळतंय, मग त्याला इथून हलवायचं तरी कशाला?

आता शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचा कच्चा माल त्यांनी पुरवला. आपल्या झाडाची अर्धी पानं त्यांच्या अंगणात पडतात. ते रोज सकाळी ती झाडतात, टोपलीत भरतात आणि भिंतीवरून आपल्या बाजूला रिकामी करतात. रागाने नाही, शिस्तीने. “तुमचं झाड नाव तुमच्या शाळेत घालतं आणि बसतं माझ्या वर्गात,” असं म्हणतात. (बाकी माणूस सज्जन आहे. मशीन चालू असलं की त्यांना वाचता येत नाही, पण त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. सगळी तक्रार ते पानांवर काढतात.) तर भिंतीलगत असा हा मोठा ढीग साठला होता, चांगला उन्हात वाळलेला, आणि अण्णांना अंगणात आरामात पडता यावं म्हणून काय करावं या विचारात मी त्याच्यापुढे उभा होतो. खुर्ची त्यांना नको असते. खुर्चीत बसलं की स्वतःच्याच घरी पाहुणा आल्यासारखं वाटतं, म्हणतात. जमीन ओलसर. आणि गादी टाकावी तर तिच्यात कापूस.

ताई, आपल्या घराण्याचा हा दोषच म्हणायचा, की कुठलाही ढीग दिसला की आपल्याला तो खोळीत भरावासा वाटतो. मला एकदम सुचलं: पाल्याची गादी! तिच्यात धूळ नाही, तंतू नाही, छातीला त्रास नाही. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या तपासणीच्या बाकासाठी गादी सांगितली होती आणि जाड हिरवं कापड स्वतःच आणून दिलं होतं, उरेल ते तुम्हालाच ठेवा म्हणाल्या होत्या. उरलं भरपूर. हाताला ते माप बसलेलं होतंच, त्यामुळे त्याच मापाची खोळ शिवली गेली. मग मी आणि अण्णांनी बसून ती पाल्याने भरली. किती दिवसांनी आम्ही एकत्र काम केलं! मी दाबून भरायचो, ते तळवा फिरवून सांगायचे, इथे खड्डा आहे, इथे उंचवटा आहे. मग मी दाभणाने टाके घातले. टाका ओढला की आतून चुरचुर आवाज यायचा. अण्णा म्हणाले, “ही गादी बोलते. नवरा-बायकोला विकू नकोस.” (हे मी हिच्यासमोर लिहीत नाहीये.)

त्या संध्याकाळी पुढच्या खोलीत दोन हिरव्या गाद्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक कापसाची, डॉक्टरीणबाईंची. एक पाल्याची, आपली. पुढे काय झालं ते तू ओळखलंच असशील, पण लिहिणं माझं काम आहे.

शनिवारी सकाळी मी देवापुढे हात जोडून बसलो होतो. माझी प्रार्थना थोडी लांबते, हे तुला माहीत आहे. मागायचं फार नसतं, पण आभार मानायला वेळ लागतो. तेवढ्यात ही आणि तुझी भाची, एकीने डोकं धरलं, एकीने पाय, आणि गादी दवाखान्यात पोहोचवून आल्या. आल्यावर तुझी भाची म्हणाली, “बाबा, या वेळची गादी फार हलकी झाली हो.” मी ती स्तुती समजलो. हिने सांगितलं की वाटेत आवाज करत होती, पण नवं कापड आहे, करणारच. मी त्यावरही मान डोलावली. जन्मभर गाद्या शिवणाऱ्याच्या घरात ही अवस्था.

सोमवारी अण्णांना नेहमीच्या तपासणीला घेऊन गेलो. पायऱ्या चढून त्यांना दम लागला, म्हणून बाईंनी बसवून न तपासता आडवं केलं, त्याच नव्या गादीवर. छातीला नळी लावली. “मोठा श्वास घ्या.” अण्णांनी घेतला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. “पुन्हा.” पुन्हा घेतला. मला नळीशिवायसुद्धा ऐकू आलं, ताई. चुरचुर. वाळलेल्या पानावर पाय पडावा तसं. बाई मला बाहेर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जास्त आहे. थंडीची वाट बघू नका.” मी होय म्हणालो. घरी आलो आणि मशीन सुरू करायला हात उचलेना. तो पूर्ण आठवडा मी देवाकडे एकच मागितलं, जे मी सहसा करत नाही: तो आवाज दुसऱ्या कशाचा तरी असू दे.

आणि आज सकाळी, ताई! आज सकाळी ही म्हणाली, एवढी गादी केली आहे तर अण्णांना तिच्यावर बसवा तरी एकदा. गादी झाडाखाली टाकली. अण्णा आडवे झाले. तुझी भाची त्यांच्या पायाशी लोळली. मुख्याध्यापक टोपली रिकामी करायला आले होते, त्यांनाही अण्णांनी बोलावलं, “या, तुमच्याच मालावर बसा,” तर तेही भिंतीला वळसा घालून आले आणि संकोचत कडेला टेकले. अंगावर ऊन, वरून एखादं पान. मी म्हटलं, बघा, पाला असूनसुद्धा किती मऊ. अण्णा म्हणाले, “अजिबात आवाज नाही.” मी अभिमानाने म्हटलं, “हो ना, अजिबात नाही.” आणि मग माझं मलाच ऐकू आलं. गादी बोलत नव्हती. मी तळवा दाबला. कापूस! सगळ्यांना उठवलं, मुख्याध्यापकांनासुद्धा (ते म्हणाले, आत्ता तर बसलो), गादी डोक्यावर घेतली, चपला तिथेच राहिल्या, आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

बाई खाली आल्या, दवाखाना उघडला, बाकावर हात दाबला. चुरचुर. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम काही नवीन भरलंय. पेशंट हलला की कळावं म्हणून.” मग म्हणाल्या, “उद्या मी घरी येते आणि त्यांना पुन्हा बघते.” ती निव्वळ खात्री करायला, हे उघड आहे. मी गाद्या बदलून घेतल्या आणि वाटभर देवाचे आभार मानत आलो.

तेव्हा ताई, तुझ्या बोलण्याला हे माझं उत्तर. आवाज पानांचा होता. अण्णांच्या छातीला फारसं काही झालेलं नाही, त्यांचं खाणं-पिणं चांगलं चाललं आहे, झाडांचे रंग बघतात, शेजाऱ्यांची चेष्टा करतात. खिडक्यांची मी काहीतरी सोय करीन. ते इथेच राहतील. तू वाईट वाटून घेऊ नकोस. दाजींना त्यांच्या कवळीसह माझा पुन्हा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – ही म्हणते, दार अजून नीट लागत नाही हेही लिहा. लिहिलं.

ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितोय. आज सोमवार. डॉक्टरीणबाई दुपारी येऊन गेल्या. आत मशीनची धूळ होती म्हणून अण्णांना अंगणात उभं केलं, झाडाला हात टेकवून. खाली गादी नाही, काही नाही. बाईंनी सगळ्यांना गप्प उभं राहायला सांगितलं. भिंतीपलीकडे मुख्याध्यापक झाडत होते, त्यांनीही खराटा थांबवला. बाईंनी पाठीवर नळी एकेका जागी ठेवून ऐकलं, फार वेळ. मग नळी काढून माझ्या कानांना लावली. त्यांना ते करायची गरज नव्हती, पण माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत होतं.

ताई, आवाज आहे. पानांपेक्षा बारीक, पण आहे. श्वास घेताना खालच्या बाजूला येतो आणि सोडताना पुन्हा येतो. देवाने माझं मागणं पुरवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी मागितलं होतं की तो आवाज दुसऱ्या कशाचा असू दे, आणि तो दवाखान्यातला आवाज पानांचाच निघाला. त्याखाली आणखी एक असू नये, हे मागायचं मला सुचलं नाही.

आणि तळ्याच्या रस्त्याबद्दल वर जे लिहिलंय, ते खोडत नाही, पण तू ते नीट वाच. दर झाडापाशी का थांबत होते, ते मला आज कळलं.

ता. क. – बुधवार. काल दिवसभर अण्णांना सांगायचं कसं, याची जुळवाजुळव केली. संध्याकाळी अंगणात त्यांच्या शेजारी बसलो आणि हवेपासून सुरुवात केली, ताईच्या गावची हवा कशी कोरडी, घर कसं वरच्या मजल्यावर. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, “पलंगाखालची पिशवी बाहेर काढ.” काढली. कपडे घड्या करून भरलेले, चष्म्याची डबी, औषधं, सगळं. मी विचारलं, कधी भरली? तर म्हणाले, “तुझ्या ताईला मी उन्हाळ्यातच सांगितलंय, येतो म्हणून. पण तू पानगळ पानगळ करत होतास. म्हटलं, होऊ दे तुझी.”

तू हे मला सांगितलं नाहीस, ताई. त्यांनीच सांगू नको म्हटलं असणार. मी रागावलेलो नाही. एवढे रविवार मला वाटत होतं की मी त्यांना आनंद देतोय.

आता खरं मागणं. ते मी पत्राच्या सुरुवातीला लिहिणार होतो, पण तेव्हा ते मागणं आहे हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांची काळजी तू माझ्यापेक्षा चांगली घेशील, त्याबद्दल सूचना लिहीत नाही. मागायचंय ते माझ्यासाठी. महिन्यातून एक रविवार मला तुझ्याकडे येऊ दे. गादी नको, सतरंजी चालेल, अण्णांच्या खोलीत, दाराच्या बाजूला. येताना दुसरे कपडे घालून येईन, जिन्याच्या खाली अंग झटकीन, तू म्हणशील तर अंघोळ करूनच वर येईन. तुझ्या घरात कापसाचा एक तंतू येणार नाही. फक्त नाही म्हणू नकोस.

ता. क. – हे बसस्टँडवरच्या बाकावर लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. पत्र पोस्टात टाकणार होतो, पण आता अण्णाच ते घेऊन येताहेत. तुझी भाची सोबत आहे, ती दोन दिवस राहून परत येईल. अण्णा बसमध्ये खिडकीशी बसले आहेत. ही त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट करते आहे आणि ते तिला सांगताहेत की दार बसवून घे, नाहीतर हा वसंतापर्यंत तसंच ठेवेल. मुख्याध्यापकही आले आहेत. त्यांनी टोपली आणलेली नाही. ते हात मागे बांधून उभे आहेत.

ड्रायव्हर चढला. अण्णा मला हाताने खुणावताहेत की पुरे आता, आण ते पाकीट. मी उठलो. खिडकीपर्यंत गेलो. या ओळी पाकीट बसच्या पत्र्यावर धरून लिहितोय, आणि ते आत हात पसरून बसले आहेत. देतो.